मधमाशीचा काटा आणि त्यावरचा उतारा

मधमाशी किंवा गांधीलमाशी चावली की घरात पहिला प्रश्न निघतो तो एकच : काय लावावे? पानाच्या तबकातला चुना कोणी पुढे करतो, कोणी कांद्याची फोड कापून आणतो, कोणी झेंडूचा पाला चुरतो. किल्ली, कडी, विळी, जी काही लोखंडाची वस्तू हाताशी असेल ती दंशावर घासण्याचा उपाय महाराष्ट्रात चालतो तसाच उत्तर हिंदुस्थानातही चालतो. शाळेत विज्ञान शिकणारे मूल घरात असेल तर खाण्याचा सोडा निघतो. इंग्लंडमधील गृहिणी एके काळी कपड्यांना द्यावयाच्या निळीची पुरचुंडी ओली करून दंशावर दाबीत असत. या सर्व उपायांत एक गंमत आहे. ते सगळेच गुण देतात. एका माशीच्या दंशाची आग बहुतेक माणसांच्या बाबतीत तासा-दोन तासांत आपोआप ओसरते आणि सूज एक-दोन दिवसांत उतरते. मधल्या काळात जे काही लावलेले असेल त्याच्या पदरात यशाचे माप पडते.

हा प्रश्न फार जुना आहे, आणि त्याची उत्तरेही तितकीच जुनी आहेत. परंतु या उत्तरांचा इतिहास चाळीत गेले म्हणजे ध्यानात येते की, काय लावावे या एका प्रश्नाच्या भरात दुसरे दोन प्रश्न शतकानुशतके मागे राहून गेले. रुतलेला काटा किती लवकर निघाला, हा एक. आणि दंशाची जागा सोडून माणसाच्या बाकीच्या शरीरात काय चालले आहे, हा दुसरा. पहिल्याचे नीट मोजमाप होण्यास विसाव्या शतकाचे शेवटचे दशक उजाडावे लागले. दुसऱ्याचे उत्तर १९०२ पासून उपलब्ध आहे; तरी ते घरोघरी पोहोचलेले नाही, आणि म्हणून एका माशीच्या दंशाने धडधाकट माणूस दगावल्याच्या बातम्या अजूनही वाचाव्या लागतात.

प्राचीनांचे निरीक्षण मात्र उणे नव्हते. ॲरिस्टॉटलने आपल्या प्राणिविषयक ग्रंथात लिहून ठेवले आहे की, डंख मारणारी मधमाशी मरते, कारण तिचा काटा आतडे तुटल्यावाचून बाहेर निघत नाही. त्यापुढे तो असेही म्हणतो की, दंश झालेल्या माणसाने काळजीपूर्वक दाबून काटा काढला तर माशी पुष्कळदा वाचते. ज्याला चावली त्याने चावणारीची चिंता वाहावी, ही कल्पना ग्रीक तत्त्वज्ञालाच सुचू शकते! माशांनी डंख मारमारून घोडा मारल्याची नोंदही त्याच ग्रंथात आहे. पुढे इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीसने मधमाशी आणि गांधीलमाशी या दोहोंच्या दंशावर मॅलो या भेंडीच्या कुळातील वनस्पतीची पाने सांगितली. ती तेलात वाटून अंगाला चोळली असता माशी चावतच नाही, असाही निर्वाळा त्याने दिला.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानाचा शेवटचा, म्हणजे आठवा, अध्याय कीटकांच्या विषासाठी राखलेला आहे. त्यात मक्षिकांच्या सहा जाती नावानिशी दिल्या आहेत. कांतारिका, कृष्णा, पिंगला, मधूलिका, काषायी आणि स्थालिका ही ती नावे. त्यांच्या दंशाने खाज, सूज, दाह आणि वेदना होतात, आणि शेवटच्या दोन जातींचा दंश अधिक उपद्रवी असतो, असे तेथे म्हटले आहे. उपाय म्हणून वारुळाची काळी माती गोमूत्रात कालवून लावावयास सांगितली आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात याहून एक पाऊल पुढचे निरीक्षण आढळते. मक्षिकादंशाने पुटकुळी येते, आग होते, एवढे सांगून चरक थांबत नाही. तो मूर्च्छेचा उल्लेख करतो आणि या वर्गातील एक जात प्राणघातक असल्याचे सांगतो. मक्षिका या शब्दात साध्या माशाही येतात, तेव्हा या नावांपैकी कोणते नाव आजच्या कोणत्या कीटकाचे, हे छातीठोकपणे सांगण्याचा मोह टाळलेला बरा. पण दंश हातावर आणि मूर्च्छा सर्व शरीराला, ही गोष्ट कोणाच्या तरी नजरेस पडली होती आणि त्याला ती लिहून ठेवण्याजोगी वाटली होती, एवढे निश्चित.

काटा डोळ्यांना प्रत्यक्ष दिसला तो सूक्ष्मदर्शकाच्या युगात. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकने आपल्या 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात मधमाशीच्या नांगीला स्वतंत्र प्रकरण दिले आणि तिच्यावरील उलट्या दिशेचे दाते चित्रात दाखविले. हॉलंडच्या यान स्वामरडामने त्याच शतकात मधमाशीचे विच्छेदन करून नांगी, विषाची पिशवी आणि ग्रंथी यांची जी चित्रे काढली, ती त्याच्या मृत्यूनंतर सुमारे सत्तावन्न वर्षांनी, १७३७-३८ मध्ये प्रसिद्ध झाली. ती आजही पाहणाऱ्याला थक्क करतात. या आणि यानंतरच्या अभ्यासकांच्या परिश्रमांतून जे यंत्र उलगडले ते मोठे विलक्षण आहे. आपण ज्याला काटा म्हणतो ती एक सुई नाही. तिच्यात दोन दातेरी पाती असतात आणि ती एकमेकींशेजारून आळीपाळीने पुढे सरकत कातडीत शिरतात. माशी उडू लागली की हे सारे यंत्र तिच्या पोटातून उखडून आपल्या अंगात राहते. त्याच्यासंगे विषाची पिशवी येते, स्नायू येतात आणि त्या स्नायूंना हुकूम देणारी मज्जातंतूंची एक गाठही येते. त्यामुळे माशी निघून गेली तरी तिने मागे ठेवलेला पंप चालूच राहतो. काटा आपोआप खोल रुतत जातो आणि विष ओतीत राहतो. गांधीलमाशीचे तसे नाही. तिच्या नांगीचे दाते इतके बारीक असतात की ती नांगी सहज ओढून घेते, आणि पुन्हा चावते. म्हणून दंशाच्या जागी काटा दिसला तर ती मधमाशी समजावी.

या काट्यासंबंधीचा आणखी एक शोध जिनिव्हाच्या फ्रान्स्वा ह्यूबरने लावला. हा गृहस्थ अंध होता; आपल्या सेवकाच्या आणि कुटुंबीयांच्या डोळ्यांनी पाहून त्याने मधमाश्यांविषयी जे लिहिले ते डोळस अभ्यासकांना मार्गदर्शक ठरले. नुकताच उखडलेला काटा पोळ्याच्या दाराशी नेला की आतल्या माश्या खवळून बाहेर पडतात, असे त्याने १८१४ च्या आवृत्तीत नोंदविले. काट्यातून सुटणारा वास हेच त्याचे कारण. १९६२ मध्ये त्या वासातले मुख्य द्रव्य ओळखले गेले. त्याला पिकलेल्या केळ्यासारखा वास येतो. एक माशी चावली की त्याच जागी दुसरी आणि तिसरी का धावते, याचा उलगडा यात आहे. पोळ्याजवळ डंख बसला असता तेथेच उभे राहून काटा शोधीत बसणे किती घातक आहे, हेही यावरून समजावे. आधी तेथून दूर जाणे, आणि जाता जाताच काटा काढून टाकणे, हा क्रम आहे.

आता आम्लाच्या कथेकडे वळू. कारण इतिहासात एखादे चुकीचे उत्तर किती दीर्घायुषी होऊ शकते, याचा तो चांगला नमुना आहे. १६७१ मध्ये जॉन रे या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने मुंग्यांपासून एक आम्ल मिळत असल्याचे वृत्त लंडनच्या रॉयल सोसायटीला कळविले. मुंगीच्या लॅटिन नावावरून पुढे त्याला फॉर्मिक आम्ल म्हणू लागले. मुंगी आणि मधमाशी एकाच गणातील कीटक. दोघींच्या चावण्याने आग होते. तेव्हा मधमाशीचे विषही फॉर्मिक आम्लच असले पाहिजे, असा तर्क एकोणिसाव्या शतकात रूढ झाला. त्यातून उपचार ओघानेच आला. आम्लावर अल्क मारा : अमोनिया लावा, सोडा लावा. मग गांधीलमाशीचे विष अल्कधर्मी ठरवून तिच्यासाठी शिरका नेमला गेला, आणि मधमाशीला सोडा व गांधीलमाशीला शिरका हे सूत्र कसे तोलून-मापून केल्यासारखे तयार झाले. आपला चुनाही अल्कच. त्यालाही यामुळे शास्त्राचा आधार मिळाल्यासारखे झाले. आपल्या शालेय पुस्तकांतून आम्ल आणि अल्क यांचे उदाहरण म्हणून मधमाशीचा दंश आणि खाण्याचा सोडा अनेक पिढ्यांनी पाठ केला आहे.

वस्तुतः या सूत्राचा पाया १८९७ मध्येच ढासळला होता. प्राग येथील योसेफ लांगर यांनी मधमाशीच्या विषाचा पद्धतशीर अभ्यास करून दाखविले की, त्याचा परिणाम फॉर्मिक आम्लाचा नाही. विषाचे खरे कार्य करणारे द्रव्य वेगळेच आहे. पुढील संशोधनात ते द्रव्य सापडले. मेलिटिन असे त्याचे नाव असून ते २६ अमिनो आम्लांची लहानशी साखळी आहे, आणि कोरड्या विषाचा सुमारे निम्मा भाग त्यानेच व्यापलेला असतो. पेशींची आवरणे फोडणे हे त्याचे काम. त्याच्या जोडीला फॉस्फोलिपेझ आणि इतर विकर असतात. गांधीलमाशीच्या विषात वेदना उत्पन्न करणारी वेगळी द्रव्ये आढळली. त्यांपैकी एकाचा शोध १९५४ मध्ये लागला. विषाला थोडासा आम्लपणा असतो हे खरे. परंतु आग होते ती त्यामुळे नाही. शिवाय ते विष कातडीच्या वर सांडलेले नसते, आत गेलेले असते, आणि वर चोळलेला सोडा तेथपर्यंत पोहोचत नाही. थंड पाण्याची पट्टी किंवा फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावला तर ठणका आणि सूज खरोखरच कमी होते. त्यात रसायनशास्त्राचा आव नाही, एवढेच.

दुसरा वाद काटा कसा काढावा याचा. चिमटीत धरून ओढू नये, ओढल्यास विषाची पिशवी दाबली जाऊन उरलेले विष आत जाते. म्हणून सुरीच्या पात्याने किंवा एखाद्या कडक पुठ्ठ्याने आडवा खरवडून काढावा, असा दंडक प्रथमोपचाराच्या पुस्तकांत वर्षानुवर्षे छापला जात होता. तो इतका पटण्यासारखा होता की त्याची परीक्षा घ्यावी असे फारसे कोणाला वाटले नाही. १९९४ मध्ये अमेरिकेत काही संशोधकांनी काट्यातून विष किती वेळात बाहेर पडते ते मोजले. पहिल्या वीस सेकंदांत विषाचा नव्वद टक्के भाग आत गेलेला असतो आणि मिनिटभरात सारा खेळ संपतो, असे दिसून आले. त्यानंतर दोन वर्षांनी, १९९६ मध्ये, व्हिशर, व्हेटर आणि कॅमेझीन या तिघांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. माश्यांकडून मुद्दाम डंख मारवून घेऊन, काटे कधी खरवडून, कधी चिमटीने, कधी लवकर, कधी थोड्या सेकंदांनी काढण्यात आले आणि उठलेल्या गांधी मोजण्यात आल्या. खरवडणे आणि ओढणे यांत काही फरक पडला नाही. फरक पडला तो सेकंदांनी. काटा जितका उशिरा निघाला तितकी गांध मोठी उठली.

म्हणजे सुरीचे पाते शोधण्यासाठी घरात धावणारा मनुष्य, पुस्तकाबरहुकूम वागण्याच्या नादात, नेमके विष आत जाऊ देण्याचेच काम करीत होता! नखाने, चिमटीने, जमेल तसा पण त्याच क्षणी काटा काढावा, हे ज्ञान पोळी काढणाऱ्या आपल्या डोंगरी माणसांना पुस्तकावाचून होते. ती मंडळी काटा उपटून पुन्हा कामाला लागतात.

येथपर्यंत एका दंशाची गोष्ट झाली. शेकडो दंशांची गोष्ट निराळी आहे. आपल्या देशात तिचा संबंध मुख्यतः आग्या माशीशी येतो. सातेरी ही पेटीत पाळता येणारी गरीब माशी. आग्या माशी आकाराने मोठी, आणि उंच कड्याला किंवा झाडाला एकच उघडे पोळे लावणारी. अजिंठ्याच्या लेण्यांत, गडांच्या कड्यांवर, जुन्या इमारतींच्या छज्जांखाली तिची मोहोळे लोंबताना दिसतात. जबलपूरजवळ भेडाघाट येथे नर्मदेच्या दोन्ही तीरांवर संगमरवराचे जे शुभ्र कडे उभे आहेत, तेथील आग्या माश्यांची एक हकीकत कॅप्टन फॉरसिथ यांनी १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' या ग्रंथात दिली आहे. रेल्वेच्या मार्गाची पाहणी करण्यास आलेले आर्मस्ट्राँग आणि बॉडिंग्टन नावाचे दोन इंग्रज गृहस्थ नावेतून जात असता माश्या त्यांच्यावर तुटून पडल्या. दोघांनीही नदीत उड्या टाकल्या. आर्मस्ट्राँग बुड्या मारीत प्रवाहाबरोबर पोहत दूर निघून गेले आणि वाचले. बॉडिंग्टन बुडाले.

पाण्यात उडी घ्यावी, हा उपाय आजही सुचविला जातो. तो या हकीकतीच्या प्रकाशात तपासून पाहावा. खवळलेल्या माश्या पाण्यावर घिरट्या घालीत राहतात, आणि माणसाला श्वासासाठी डोके वर काढावेच लागते. हात झाडीत उभे राहणे त्याहून वाईट. पदराने, उपरण्याने किंवा सदऱ्याने तोंड आणि डोळे झाकून, जितके दूर जाता येईल तितके धावत जावे आणि घरात किंवा बंद मोटारीत शिरावे, हेच इष्ट.

माणसाचे शरीर किती डंख सोसू शकते? प्रौढ मनुष्याला घातक ठरणारी मात्रा सुमारे एक हजार ते दीड हजार डंखांची, असा ढोबळ अंदाज केला जातो. मुलांच्या बाबतीत ती त्यांच्या वजनाच्या मानाने पुष्कळच कमी. परंतु १९६२ च्या जानेवारीत, ज्याला आज झिंबाब्वे म्हणतात त्या देशात, ग्वाई नदीच्या काठी एका मनुष्यावर माश्यांनी असा हल्ला केला की नंतर त्याच्या अंगातून २,४४३ काटे मोजून काढण्यात आले. तो वाचला. अशा रुग्णांच्या बाबतीत एक सावधगिरी अवश्य घेतली पाहिजे. शेकडो डंखांच्या विषाने रक्तातील तांबड्या पेशी आणि स्नायू यांचा नाश होतो आणि त्यांतून सुटलेली द्रव्ये मूत्रपिंडात अडकून ते बंद पडू शकते. हे एक-दोन दिवसांनंतरही उघडकीस येते. तेव्हा सुरुवातीला बरे वाटले तरी असा माणूस घरी न ठेवता रुग्णालयात देखरेखीखाली ठेवावा, आणि लघवीचा रंग गडद झाला किंवा ती कमी झाली तर तसे डॉक्टरांना सांगावे.

एक मनुष्य २,४४३ डंखांतून वाचतो आणि दुसरा एका डंखाने अर्ध्या तासात प्राणास मुकतो. विष तेच, मग हा विषमपणा कोठून आला? याचे उत्तर शोधताना इतिहासकारांनाही एक मोह पडला होता. ॲलर्जीविषयीच्या ग्रंथांतून असे सांगितले जाई की, अशा मृत्यूची जगातील पहिली नोंद म्हणजे इजिप्तचा पहिला राजा मेनेस. तो गांधीलमाशी चावून मेला. ही कथा एल. ए. वॉडेल यांची. ते हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेतील अधिकारी होते आणि तिबेटच्या बौद्ध धर्मावरील त्यांच्या लेखनामुळे प्रसिद्ध होते. १९३० मध्ये त्यांनी एका शिसवी पट्टिकेवरील चित्रलिपी आपल्या मताने लावून हा अर्थ काढला. इजिप्तच्या अभ्यासकांनी तो मानला नाही. मानेथो या प्राचीन इतिहासकाराने तर मेनेस पाणघोड्यामुळे मेल्याचे लिहिले आहे. पाणघोडा आणि गांधीलमाशी यांत अंतर बरेच आहे. तरी वैद्यकाच्या पुस्तकांतून ही माशी पुष्कळ वर्षे उडत राहिली.

खरे उत्तर आले ते समुद्रावरून. १९०१ मध्ये मोनॅकोचा राजा आल्बेर याच्या जहाजावर शार्ल रिशे आणि पॉल पोर्टिए हे दोन फ्रेंच शास्त्रज्ञ समुद्रातील डंख मारणाऱ्या प्राण्यांच्या विषाचा अभ्यास करीत होते. फ्रान्सला परतल्यावर त्यांनी समुद्रफुलाचे विष कुत्र्यांना थोडे थोडे टोचून त्यांची सहनशक्ती वाढते की काय हे पाहण्यास आरंभ केला. नेपच्यून नावाच्या कुत्र्याने पहिली मात्रा सहज पचविली. बावीस दिवसांनी त्याला पुन्हा अल्प मात्रा दिली, तेव्हा तो काही क्षणांतच धापा टाकू लागला, कोसळला, आणि पंचवीस मिनिटांत मेला. पहिल्या मात्रेने त्याला संरक्षण लाभले नव्हते. उलट त्याचे शरीर त्या विषाविरुद्ध हत्यार उपसून बसले होते आणि ते त्याच्यावरच चालले. संरक्षणाच्या उलट स्थिती म्हणून या प्रकाराला १९०२ मध्ये ॲनाफिलॅक्सिस असे नाव देण्यात आले. या कार्याबद्दल रिशे यांना १९१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

माशीच्या दंशाने होणारे आकस्मिक मृत्यू बहुधा याच जातीचे असतात. ज्याला पूर्वी माशी चावली आहे आणि काही झाले नाही, त्यालाही पुढच्या दंशाने असे होऊ शकते. मला माशी सोसते, हा भरवसा म्हणूनच पुरेसा नाही. याची पहिली खूण बहुतेक वेळा कातडीवर दिसते. दंश झाला हातावर आणि गांधी उठतात पाठीवर, पोटावर, मांड्यांवर. आपल्या घरांत याला 'अंगावर पित्त उठले' असे म्हणतात आणि आमसुलाचे पाणी अंगाला चोळतात. एरवीच्या पित्ताला ते चोळण्यास माझी हरकत नाही. पण माशी चावल्यानंतर काही मिनिटांत सर्वांगावर गांधी उठल्या, ओठ किंवा डोळे सुजले, आवाज घोगरा झाला, श्वास लागला, उलटी झाली, किंवा घेरी आली, तर आमसूल भिजत घालण्याइतका वेळ हाती नसतो. इंग्लंडमधील अशा मृत्यूंच्या एका अभ्यासात, दंशापासून श्वास किंवा हृदय बंद पडेपर्यंतच्या वेळाचे मध्यमान अवघे पंधरा मिनिटे आढळले. (गांधीलमाशी हे नाव आणि गांध हा शब्द यांचे नाते आहे की तो केवळ ध्वनीचा योगायोग आहे, हे व्युत्पत्तिकारांनी ठरवावे, अर्थाने तरी ते एकमेकांना चांगले शोभतात.)

यावरचा खरा उतारा चुन्याच्या डबीत नाही. तो प्राण्यांच्या मूत्रपिंडांवरील ग्रंथींत सापडला. जोकिची ताकामिने या अमेरिकेत स्थायिक झालेल्या जपानी रसायनज्ञाने १९०१ च्या सुमारास तो शुद्ध स्वरूपात वेगळा केला. त्याचे नाव ॲड्रिनॅलिन. सैल पडलेल्या रक्तवाहिन्या ते आवळते, मिटत चाललेल्या श्वासनलिका खुल्या करते, आणि हृदयाला चालना देते. प्रौढ माणसाला अर्धा मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, आणि गरज पडल्यास पाच मिनिटांनी पुन्हा, असा आजचा प्रघात आहे. १९३७ मध्ये दानिएल बोव्हे यांनी ज्यांचा शोध लावला त्या हिस्टॅमिनविरोधी औषधांनी खाज कमी होते. पण कोसळणारा रक्तदाब त्यांनी सावरत नाही, आणि या भेदाकडे दुर्लक्ष झाल्याने पुष्कळांचा घात झाला आहे. आपल्या देशातील आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत ॲड्रिनॅलिनचा समावेश आहे. किंमत थोडी, कुपी लहान.

औषध मिळेपर्यंत रुग्णाला कसे ठेवावे, यालाही महत्त्व आहे. घेरी येणाऱ्या माणसाला उठवून बसविण्याकडे, चालवून पाहण्याकडे आपला कल असतो. तसे करू नये. त्याला सपाट निजवून पाय उंच करावेत. श्वास फारच लागत असेल तर तेवढ्यापुरते टेकून बसू द्यावे. एकदम उभे केल्याने हृदयाकडे परतणारे रक्त कमी होऊन तत्काळ मृत्यू आल्याची उदाहरणे २००३ मध्ये प्रसिद्ध झाली आहेत. हाताला दंश झाला असेल तर सूज चढण्यापूर्वी अंगठी आणि बांगड्या उतरवाव्यात. तोंडात किंवा घशात माशी चावली असेल तर गांधी उठण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आणि दंश केव्हा झाला ती वेळ लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगावी.

ज्याला एकदा असा झटका येऊन गेला त्याने पुढे जन्मभर माश्यांना भिऊन राहावयाचे काय? या प्रश्नाला मिळालेले उत्तर एका चिकाटीच्या स्त्रीच्या कार्यातून आले. पूर्वी अशा रुग्णांना सबंध कीटक वाटून त्याचा अर्क टोचीत असत; १९३० पासून पुढे अनेक दशके ही पद्धत डॉक्टरांनी वापरली, आणि तिने गुण येतो अशी समजूत होती. येथेही चुन्याचीच गोष्ट. पुष्कळ रुग्ण पुढच्या दंशाला आपोआपच सुरक्षित राहत, आणि श्रेय अर्काला जाई. न्यूयॉर्कच्या डॉ. मेरी ह्यूइट लव्हलेस यांना हे पटत नव्हते. सबंध माशीत विष ते कितीसे? टोचावयाचे तर शुद्ध विषच टोचले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. त्या स्वतः गांधीलमाश्या पकडून, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या विषाच्या पिशव्या काढीत, आणि ते विष अत्यल्प मात्रेपासून वाढवीत नेऊन रुग्णांना देत. १९५६ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. व्यवसायबंधूंनी ते फारसे मनावर घेतले नाहीत. सबंध कीटकांचा अर्क विकला जात राहिला आणि टोचला जात राहिला.

अखेर १९७८ मध्ये अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॉक्टरांनी रुग्णांचे तीन गट करून कसोटी घेतली. एका गटास शुद्ध विष, दुसऱ्यास सबंध कीटकांचा अर्क आणि तिसऱ्यास परिणामशून्य द्रव दिला; सहा ते दहा आठवड्यांनी, सर्व तयारीनिशी, त्यांना जिवंत माशीचा डंख देवविण्यात आला. परिणामशून्य द्रव घेतलेल्या १२ पैकी ७ जणांना झटका आला. अर्क घेतलेल्या ११ पैकी ७ जणांना आला. शुद्ध विष घेतलेल्या १८ पैकी एकट्याला आला. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या औषधनियंत्रकांनी विषाच्या उपचारास मान्यता दिली, आणि तीन ते पाच वर्षे चालणारा हा उपचार ॲलर्जीच्या तज्ज्ञांकडून आज केला जातो. ही मान्यता मिळाली तेव्हा लव्हलेसबाईंनी ऐंशीचा उंबरठा गाठलेला होता. त्यांचे म्हणणे छापले गेले त्याला तेवीस वर्षे होऊन गेली होती.